आईचं बीपी घरी मोजताना नेमका कोणता आकडा धरायचा?

आई ७८ वर्षांची आहे, बीपीची गोळी रोज सकाळी घेते. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन आहे, मनगटाचं नाही. अडचण अशी की लागोपाठ तीनदा मोजलं तर १६८, १५१, १४६ असं उतरत जातं, आणि अधूनमधून स्क्रीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह लुकलुकतं.

करून पाहिलेलं: लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं शांत बसवते, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात उशीवर छातीच्या पातळीत. बोलू नको म्हटलं तरी ती मध्येच "किती आलं गं?" विचारतेच! दोन्ही हातांचं मोजलंय, डाव्याचं थोडं जास्त येतं म्हणून आता डावाच धरते. दंडाचा घेर २१ सेंमी, पट्ट्यावर मात्र २२ ते ३२ छापलंय. उभं राहिल्यावर एका मिनिटाने वरचा आकडा २५ने घसरला, तिला जरा गरगरलंही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना वही दाखवायची आहे. गोळीत आम्ही स्वतःहून काही बदलणार नाही. वहीत पहिला आकडा सोडून उरलेल्या दोघांची सरासरी लिहू की तिन्ही? पट्टा लहान मापाचा आणू का? आणि ठोके अनियमित असताना या मशीनवर कितपत विसंबायचं?