मदत हवी आहे: 'पुट अप' आणि 'पुट अप विथ'मध्ये माझं नेमकं काय चुकलं?

नमस्कार मंडळी,

हिंजवडीत एका कंपनीत काम करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पण मेल-बिल बरे लिहिते असा मंगळवारपर्यंत समज होता.

लंडनहून एक साहेब दोन दिवसांसाठी यायचेत. त्यांना मी लिहिलं, 'वी विल हॅपिली पुट अप विथ यू फॉर टू डेज.' म्हणायचं होतं, तुमची राहायची सोय आम्ही आनंदाने करू. उत्तर आलं, 'दॅट्स व्हेरी ब्रेव्ह ऑफ यू' आणि पुढे एक हसरा चेहरा. शेजारच्या मुलाला दाखवलं तर तो खुर्चीसकट मागे गेला. म्हणे, "अगं, दोन दिवस तुम्हाला आनंदाने सहन करू असं कळवलंयस तू!"

घरी येऊन शब्दकोश उघडला. तंबू ठोकणे, भाव वाढवणे, विक्रीला काढणे, पाहुण्याला ठेवून घेणे... सगळं एकाच 'पुट अप'खाली. एवढ्याशा 'विथ'ने इतका घोळ होतो? आणि कॉलेजात आम्ही सर्रास 'व्हेअर डू यू पुट अप?' विचारायचो, तेही चूकच का? यादी पाठ करा असं प्लीज सांगू नका. केली होती, सकाळी विसरले.

प्रतिसाद १
पाहुण्याला काय ते आधीच स्पष्ट सांगितलंत. पुण्याची रीत पाळलीत, चूक कसली त्यात!

प्रतिसाद २
यादी नकोच. आपलं 'लावणे' घ्या. दिवा लावतो, झाड लावतो, फोन लावतो, पेठेत खोली घेतलेला पोरगा डबा लावतो. कुणी अर्थ पाठ केलेत? काय लावायचं ते आलं की अर्थ आपोआप कळतो. 'पुट अप'चंही तसंच. नोटीस असेल तर लावणे, भाडं असेल तर वाढवणे, माणूस असेल तर मुक्कामाला ठेवून घेणे. म्हणून शब्द एकटा लिहू नका, पूर्ण वाक्य वहीत उतरवा.

'विथ'वाला मात्र वेगळाच प्राणी. त्याचा अर्थ फक्त सहन करणे, चालवून घेणे. शेजाऱ्यांचा ड्रिलचा आवाज, ट्रॅफिक, साहेब. त्याचे तीन शब्द फोडता येत नाहीत, 'यू' शेवटीच येणार. ठेवून घेण्याच्या अर्थी 'यू' मधे घालावं लागतं: 'वी विल पुट यू अप.' तुमची सगळी गडबड त्या जादा 'विथ'ची आणि 'यू'च्या जागेची.

आणखी एक सावध करतो. 'पुट समवन अप टू समथिंग' म्हणजे फूस लावणे. बघा, इथेही आपलं 'लावणे'च आलं!

कॉलेजातला प्रश्न अर्धा बरोबर. हॉटेलात किंवा मित्राकडे चार दिवस उतरण्याला 'पुट अप' चालतं, जरा जुन्या वळणाचं आहे इतकंच. पण कायमच्या घराबद्दल तसं विचारणं ही आपल्या भारतीय इंग्रजीची खासियत. कोथरूडमध्ये जन्म काढलेल्या माणसाला 'कुठे उतरलात?' विचारल्यासारखं लंडनवाल्याला वाटेल. तिथे सरळ 'लिव्ह' वापरा.

धागाकर्ती
खूप आभार! 'विथ' काढून, 'यू' मधे घालून मेल पुन्हा पाठवला. साहेब विचारतात, नाश्ता धरून का? नुसतं 'येस' लिहिलं, पुढे एक अक्षर नाही.