पाकिटं म्हशीपुढं पडतात म्हणून आहारच बंद करायचा?

जतकर: काल इथं एकानं लिहिलं, अंगणवाडीतून लेकरांसाठी घरी मिळणारी तयार आहाराची पाकिटं म्हशीच्या आंबोणात जातात, योजना गुंडाळा आणि आईच्या खात्यावर पैसे टाका. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. 2017 ला ठरलेला दर लेकराला दिवसाला 8 रुपये. महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 200 रुपये. एवढ्यात रोजच्या 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं दुकानातून आणून दाखवा. माझ्या बहिणीचे मातृवंदनेचे, म्हणजे बाळंतपणाला सरकार देतं ते पैसे आले, ते खताच्या उधारीत गेले. तिच्या ताटात काय पडलं?

वाळवेकर: ते मीच लिहिलंय. आमच्या घरची पाकिटं म्हशीलाच जातात, लपवायचं काय? नातू एक घास घेऊन थुंकतो. कोरोनात गहू, हरभरा, मसूरडाळ मिळायची, तेव्हा दाणा वाया गेला नाही. बहिणीचे पैसे खतात गेले हा तुमच्या घरचा प्रश्न.

जतकर: घरावर येऊ नका.

पाटणची सेविका: चवीचं मान्य. पण दादा, आहार हातात पडायलाच आता मारामार आहे. 1 जुलै 2025 पासून आईचा चेहरा मोबाईलवर जुळल्याशिवाय पाकीट देता येत नाही. आमच्या वाडीत रेंज टेकडावर. ओली बाळंतीण टेकडावर न्यायची का? त्यासाठीचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर, नवरा मुंबईला.

कऱ्हाडकर: चेहरा बघायलाच पाहिजे. बोगस नावं कुणी चढवली? तुम्हीच ना?

पाटणची सेविका: तोंड सांभाळून बोला. डिसेंबर 2023 ला संपावर बसलो ते मानधनासाठी, 52 दिवस. चोरी केली असती तर थंडीत रस्त्यावर बसायची गरज नव्हती.

जतकर: आणि ऊसतोडीच्या बायका? गेल्या हंगामात आमच्या शिवारातल्या ऊसतोड्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, बीडची एक बाई आठ महिन्यांचं लेकरू घेऊन होती. नाव गावाकडं, पोट इथं. अंगणवाडीतून मोकळ्या हातानं परत आली. तिच्या पोराला बोगस म्हणणार का, कऱ्हाडकर?

कऱ्हाडकर: तिला द्यावं, त्यात वाद नाही. बाकी तपासणी हवीच.

वाळवेकर: कोरडा शिधा परत द्या, मग पैशाचं नाव काढत नाही. पाकीट मात्र म्हशीलाच जाईल. आणि सेविकाताई, सुनेचा ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो. मी रानात असलो की ती ताटकळत बसते. तेवढं तुमचं खरं.