स्लॅबची सळई निम्मी करा म्हणणाऱ्यांना

बीमकॉलम:
"इंजिनियरच्या खिशातून जात नाही म्हणून तो सळई दुप्पट लिहितो. ड्रॉइंगमधली निम्मी करा, स्लॅबला काही होत नाही," असं परवा खर्चिक यांनी ठोकून दिलं आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रीघ लागली. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

३.५ मीटर चौरस खोली घ्या, चारही बाजूंना बीम. १२५ मिमी स्लॅबचं स्वतःचं वजनच चौरस मीटरला ३ किलोन्यूटनच्या (एक म्हणजे साधारण १०० किलोचा भार) वर जातं. माणसं आणि सामान यांचे धरायचे २. फरशीचा भार आणि सुरक्षिततेसाठी १.५ चा गुणक धरून, स्लॅब बीमवर नुसता टेकलेला मानला, तर मीटरभर रुंदीत साधारण १८५ चौरस मिमी पोलाद लागतं. ८ मिमीची सळई दर १५० मिमीवर एक अशी टाकली की ३३५ मिळतं. ती निम्मी केली की उरतं १६७. आता बोला.

खर्चिक:
बोलतोच. लागतं १८५, देता ३३५. हे जवळपास दुप्पट नाही तर काय? माझंच म्हणणं तुम्ही आकड्यांनिशी सिद्ध केलंत. आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये तर १५० मिमी जाडी, १२ मिमी सळई १०० मिमीवर, दोन्ही दिशांना, खाली-वर दोन जाळ्या! चौरस मीटरला ३५ किलोच्या वर पोलाद. कशासाठी, विचारलं तर उत्तर मिळालं, "सेफ्टी."

बीमकॉलम:
१८५ हा आकडा कागदावरचा. साइटवर सळई जागची हलते, सळई फळीपासून वर धरणारा कव्हर ब्लॉक निसटतो. शिवाय काँक्रीट सुकताना आकसतं, त्या भेगा पातळ ठेवायला सळया जवळजवळ लागतात. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, मुख्य सळयांचं अंतर ३०० मिमीच्या पुढे जाऊ देत नाहीत, ते काही कोणाची लहर म्हणून नाही.

ओलंकाँक्रीट:
तुम्ही दोघं सळई मोजत बसा. स्लॅबची वाट लागते ती पाण्याने. ५० किलोच्या पोत्याला २५-२७ लिटर पुरतं, आणि मिक्सरवाला पाइप धरून उभा असतो. रंग बघून पाणी घालतो!

मुकादम:
ओलंकाँक्रीट, कधी घमेलं उचललंय का? १०० मिमीवर दोन जाळ्या बांधल्या की माल खाली उतरतच नाही. व्हायब्रेटरची सुई आत शिरत नाही. मग पाणी घालणार नाही तर काय करणार? हनीकोंब झालं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या, की शिव्या आम्हालाच.

ओलंकाँक्रीट:
पाणी न वाढवता माल पातळ करणारं प्लास्टिसायझर घाला. बारीक खडी मागवा. पाणी वाढवलं की ताकद गेली, हे सांगायला घमेलं उचलावं लागत नाही.

मुकादम:
प्लास्टिसायझरचे पैसे कोण देणार, तुम्ही? मालक म्हणतो ते बिलातून काढा. सगळ्यांचा खर्च शेवटी आमच्याच अंगावर ढकलतात आणि वर अक्कल शिकवतात.

रेघोटी:
मुकादम दादा, माल उतरत नाही हे खरं असेल. पण वरच्या जाळीवरून बूट घालून चालतं कोण? आमच्या बाल्कनीला भिंतीलगत, वरच्या अंगाने सरळ भेग गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फोडून पाहिलं तर वरची सळई जाडीच्या मधोमध गेलेली. ड्रॉइंगमध्ये ती वरच होती. बाहेर आलेल्या स्लॅबला ताण वरच्या बाजूला येतो, तिथे सळई नसेल तर ती कितीही जाड घाला. चेअर, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे टेकू, मोजून पाच-सहा लागल्या असत्या. त्या वाचवल्या आणि बाल्कनी पाडायची वेळ आली.

मुकादम:
तुमच्या बाल्कनीचं वाईट वाटलं. पण चेअरची सळई यादीत धरलेलीच नसते, आम्ही ती तुकड्यातुकड्यांतून जमवतो. एवढं तरी माना.

बीमकॉलम:
हे मान्य. ड्रॉइंगवर चेअर दाखवायला हव्यात, आणि बरेच जण दाखवत नाहीत.

खर्चिक, तुमच्या १२ मिमीच्या दोन जाळ्यांबद्दल: साध्या खोलीला हे फार झालं, हे मला नाइलाजाने म्हणावं लागतंय. जाडी २५ मिमी वाढली की चौरस मीटरला ६० किलोच्या वर वजन वाढतं, ते बीम, कॉलम आणि पायापर्यंत जातं. तिथेही सळई वाढते. पण म्हणून मिस्त्रीला सांगून निम्मी करायची? हिशोब मागा. स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) किती धरला, भार कोणता धरला, एवढं लेखी घ्या आणि दुसऱ्या इंजिनियरला दाखवा.

खर्चिक:
मागितला. "वर पाण्याची टाकी येणार," असं आत्ता सांगतायत. कुठल्याच नकाशात टाकी नाही. निम्मी करा हे मी सरसकट लिहायला नको होतं, असं तुम्हाला ऐकायचं असेल तर ऐका. पण न विचारता वाढवणाऱ्याला मोकळं सोडू नका.

बीमकॉलम:
५००० लिटरची असेल तर नुसतं पाणीच ५ टन. टाकीचे पाय बीमवर येणार की स्लॅबच्या मधोमध, हे आधी विचारा. बीमवर येणार असतील तर अख्ख्या स्लॅबला १२ मिमी कशाला?