जुन्या रॅलेला २७ इंचीऐवजी ७०० सी चाकं बसतील का?

मुळशीवाला
काकांनी इंग्लंडहून आणलेली रॅले रोड सायकल आता माझ्याकडे आलीय. स्टीलची फ्रेम ठणठणीत आहे. चाकं २७ x १¼, रिम क्रोम केलेल्या लोखंडी. मागे सहा गिअर, हबची (चाकाच्या मधल्या, आस असलेल्या भागाची) रुंदी १२६ मिमी. पुण्यात हा टायर मागितला की दुकानदार २८ x १½ पुढे करतो, वर "बसवून देतो की" म्हणतो. सरळ ७०० सी (हल्लीच्या रोड सायकलींचं माप) करून टाकू का? ब्रेक हेच चालतील? एक मित्र म्हणतो, आपले रस्ते बघता ६५० बी (त्याहून लहान चाक) टाक, ४२ चा जाड टायर येईल.

तेलकट बोटं
तो २८ दीडचा टायर आधी परत कर. इंचांच्या नादी लागू नकोस. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३२-६३० असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा खरा: टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. तुझा ६३०. २८ दीड म्हणजे ६३५, दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा. हवा कमी असेपर्यंत बसल्यासारखा दिसेल. दाब वाढला की एका बाजूची कड रिमवर चढेल, तिथून ट्यूब फुगा काढेल आणि फाट्.

७०० सी म्हणजे ६२२. व्यासात ८ चा फरक, म्हणजे ब्रेकचे रबर फक्त ४ मिमी खाली यायला हवेत. रबर ज्या उभ्या खाचेत आवळलेले असतात तिथे खाली तेवढी जागा उरलीय का बघ. त्याहून सोपं म्हणजे कुणाच्या तरी रोड बाइकचं पुढचं चाक तासभर माग आणि लावून बघ. काही जुन्या रॅलेच्या चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) खाच अरुंद असते, हल्लीचा ९ मिमीचा आस आत जात नाही. मग कानस. अगदी थोडी, दोन्ही बाजूंना सारखी.

रोड बाइकचा मागचा हब १३० चा येतो. तुझी फ्रेम स्टीलची आहे, मागची टोकं हातांनी जरा फाकवली की जातो. ॲल्युमिनियम किंवा कार्बन असती तर हे सांगितलंच नसतं. हायब्रिड सायकलचं मागचं चाक मात्र फुकट मिळालं तरी नको, ते बहुधा १३५ चं असतं.

६५० बी चं डोक्यातून काढ. रिम ५८४ ची, म्हणजे ब्रेकला तुझ्या आत्ताच्या जागेहून २३ मिमी खाली पोचायचंय. ४२ चा टायर धरला तरी चाकाची त्रिज्या ३४७ वरून ३३४ वर येते, तितके पेडल जमिनीच्या जवळ. आणि तो टायर मागच्या नळ्यांमध्ये मावेल असं मला वाटत नाही.

लेस्टरची सून
मोडतोड कशाला? इथे इंग्लंडात २७ चे टायर आरामात मिळतात. श्वाल्बे मॅरेथॉन, पॅनारेसर पासेला. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागव. काकांची सायकल आहे तशीच राहू दे.

तेलकट बोटं
ताई, भिंतीला टेकवून ठेवायची असेल तर कबूल. पण तो मुळशीकडे चालवणार. क्रोमच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेक दाबूनही सायकल पुढे जात राहते, उतारावर तर विचारूच नका. मी रिम बदलायला सांगतोय ते मुख्यतः यासाठी, टायरचं निमित्त. शिवाय जुन्या २७ च्या बऱ्याच रिमच्या कडेला टायर धरून ठेवणारा आतला हुक नसतो, त्यामुळे आजचा टायर जास्त दाबाला निसटू शकतो. जुनी चाकं तारा-हबसकट माळ्यावर ठेव, फेकू नकोस.

मुळशीवाला
मित्राचं चाक लावून बघितलं. पुढे रबर व्यवस्थित पोचतात, खाली अजून जागा आहे. मागे मात्र खाचेच्या टोकाला लावूनही रबर टायरला घासतायत.

तेलकट बोटं
मागचा एकच ब्रेक बदल. बोल्टच्या भोकापासून रिमच्या घासणाऱ्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोज. ५७ मिमीच्या आत आलं तर ४७-५७ चा ब्रेक घे, त्याहून जास्त आलं तर ५५-७३ चा; टेक्ट्रो कंपनीचे दोन्ही येतात. घेताना लांब बोल्ट आणि बाहेरून साधा नट असलेलाच माग. हल्लीच्या ब्रेकचा बोल्ट आखूड असतो आणि त्याचा ॲलन नट फ्रेमच्या आत बुडतो. तुझ्या फ्रेमचं भोक त्याला पुरणार नाही, आणि दुकानदार "ड्रिल मारून देतो" म्हणेल. मारू देऊ नकोस.