प्रत्येक वेळी दोष भात्याचाच नसतो

फोल्डिंग कॅमेऱ्यात उजेड शिरला की आधी भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाग) बघा, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरून घड्यांचे कोपरे तपासा, असा सल्ला सहसा मिळतो. बरोबरच आहे. आमच्या मालवणच्या दमट हवेत तर प्रत्येक पावसाळ्यानंतर हे करावंच (आणि लेन्सवरची बुरशीही बघावी). पण आजोबांच्या ६×६ (सेंमीचे चौकोनी फोटो काढणाऱ्या) कॅमेऱ्याचा भाता धडधाकट होता, तरी भर दुपारी किनाऱ्यावर काढलेल्या पहिल्या रोलमधल्या बऱ्याच फोटोंत एकाच जागी फिकट गोल डाग आले. चोर निघाली मागची लाल खिडकी! १२० नंबरच्या रोल फिल्ममागच्या कागदावरचे आकडे तिच्यातून वाचून रोल पुढे सरकवायचा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे, म्हणून खिडकी लाल. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लालही टिपते. आता मी खिडकीवर काळी चिकटपट्टी लावतो आणि सावलीत पाठ करून, आकडा दिसण्यापुरतीच उचलतो.

भात्याची खोड मात्र वेगळीच. पुढचं दार खटकन उघडलं की भाता हवा ओढतो आणि फिल्मही जरा पुढे खेचली जाते. मग फिल्मचा सपाटपणा गेला आणि फोकसही. सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी कडेला खणखणीत आणि मधे मऊ, असा एक फोटो अजून माझ्याकडे आहे. म्हणून कॅमेरा आधी सावकाश उघडायचा, रोल नंतर सरकवायचा. आजोबा हेच सांगायचे, पण तेव्हा ऐकतो कोण!