लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचा वाटा किती?

चौकस:
महाविद्यालयात जाणाऱ्या भाचीसाठी लॅपटॉप पाहताना असे दिसले, की तोच प्रोसेसर आणि तितकीच मेमरी असलेले एकाच कंपनीचे मॉडेल फ्रीडॉससह (विंडोजऐवजी घातलेली साधी, फुकट प्रणाली) घेतले तर विंडोजच्या मॉडेलपेक्षा काही हजार रुपयांनी स्वस्त पडते; दुसऱ्या एका कंपनीच्या बाबतीत मात्र हा फरक जवळपास नाहीसाच होतो. विंडोजला पर्याय असलेली लिनक्स ही प्रणाली फुकट उपलब्ध असूनही कंपन्यांच्या स्पर्धेत त्यामुळे किमती खाली का आल्या नाहीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

मुक्तछंद:
किमती एकदा खाली आल्या होत्या, आणि त्या कशा आल्या हे पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये आसूसने ईईई पीसी ७०१ बाजारात आणला. त्याला सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी आणि ४ जीबी साठवण होती. त्या वर्षीच आलेल्या विंडोज व्हिस्टाला नुसती बसण्यासाठी १५ जीबी मोकळी जागा लागत असल्यामुळे ती या यंत्रावर मावणेच शक्य नव्हते, म्हणून आसूसने झँड्रॉस ही लिनक्सची आवृत्ती घातली. यंत्र हातोहात खपले आणि एसर, एमएसआय, डेल, एचपी अशा सगळ्याच कंपन्या नेटबुककडे, म्हणजे अशा लहान, स्वस्त लॅपटॉपकडे वळल्या.

मायक्रोसॉफ्टने यावर काय केले, हे माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. व्हिस्टाच्या आधीच्या विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री ३० जून २००८ रोजी थांबणार होती. पण एप्रिलमध्येच कंपनीने जाहीर केले, की अशा स्वस्त, लहान यंत्रांसाठी एक्सपी होम पुढेही मिळत राहील. त्यानंतर आलेल्या ईईई पीसी ९०० चे उदाहरण बोलके आहे: लिनक्सच्या मॉडेलला २० जीबी आणि एक्सपीच्या मॉडेलला १२ जीबी साठवण, आणि किंमत दोन्हींची सारखीच. विंडोजचा खर्च ग्राहकाने साठवणीच्या रूपाने मोजला, पण पाटीवरच्या किमतीत तो दिसला नाही, आणि बहुतेकांनी ओळखीची प्रणाली निवडली.

जुना विक्रेता:
वरील माहितीत एका बाजूची भर घालतो. लिनक्स मागे पडले ते केवळ मायक्रोसॉफ्टच्या धोरणामुळे, असे म्हणणे अपुरे ठरेल. लिनक्सची नेटबुक एक्सपीच्या नेटबुकपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात परत येतात, असे एमएसआयच्या अधिकाऱ्याने २००८ मध्येच सांगितले होते. घरी नेल्यावर नेहमीचा प्रिंटर चालत नाही किंवा ओळखीचा प्रोग्राम बसत नाही असे दिसले, की ग्राहक दुसऱ्याच दिवशी दुकानात येतो, आणि परत आलेल्या यंत्रात कंपनीचा नफा बुडतो. शिवाय अँटिव्हायरससारखे, काही दिवस फुकट वापरून पाहायचे प्रोग्राम आधीच घालून देण्याबद्दल ते बनवणारे संगणक कंपन्यांना पैसे देतात. विंडोजच्या परवान्याचा काही भाग त्यातून भरून निघतो. फ्रीडॉसच्या यंत्रावर ते उत्पन्न मिळत नाही. कंपनीनुसार फरक वेगवेगळा दिसण्याचे हे एक कारण आहे.

मुक्तछंद:
मान्य आहे, पण मैदान आधीपासूनच सपाट नव्हते. संगणकावर कोणतीही प्रणाली घाला, यंत्रामागे शुल्क मायक्रोसॉफ्टलाच द्या, अशा स्वरूपाचे करार कंपन्यांशी होत असत. अमेरिकेच्या न्याय खात्याशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीने ते बंद झाले. पुढे जून २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरची क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप, विक्रीस आली, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांपेक्षा लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोज मोफत केले. त्याच वर्षी एचपीने स्ट्रीम ११ हा विंडोजचा लॅपटॉप १९९ डॉलरना आणला. समोर खरा पर्याय उभा राहिला, तेव्हाच परवाना स्वस्त झाला.

जुना विक्रेता:
भाचीसाठी फ्रीडॉसचे मॉडेल घ्यायचे असेल, तर तिच्या अभ्यासक्रमात केवळ विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्राम आहे का, हे महाविद्यालयात आधी विचारून घ्या. लिनक्स घालणार असाल, तर त्या मॉडेलची वायफाय चिप लिनक्सवर चालते का तेही पाहा, आणि नंतर विंडोजचा परवाना सुटा विकत घ्यावा लागला तर वाचलेले पैसे त्यातच जातील, हे हिशेबात धरा.