पाच-दहा रुपयांच्या पेनांची पारख करत बसावे का?

शाईवेडा (वणी तालुका)
पेनांची आवड असलेली माणसे लिहितात, तेव्हा विषय बहुधा महागड्या शाईपेनांचा असतो. आमच्या तालुक्याच्या दुकानात मात्र पाच-दहा रुपयांची बॉलपेने, थोडी जेलपेने आणि विचारल्यावर कपाटातून निघणारे एखादे शाईपेन, एवढेच मिळते. माझे स्पष्ट मत आहे की पारख करायचीच तर याच पेनांची करावी, ती आपल्याच वह्यांवर आणि आपल्याच उन्हात करावी, आणि तिचा निकाल लिहून ठेवावा.

देवनागरी लिहिणाऱ्याला पेनाचा दोष सर्वांत आधी शिरोरेखेत दिसतो. बॉलपेनाच्या टोकाची गोळी नीट फिरत नसेल, तर रेघेची सुरुवात कोरी राहते. शाई सैल असेल, तर रेघेच्या टोकाला गर्द ठिपका साचतो आणि वही मिटली की समोरच्या पानावर उमटतो. म्हणून मी प्रत्येक पेनाने आधी लांब शिरोरेखा ओढतो, मग तिच्याखाली क्ष, ज्ञ, ळ अशी वळणाची अक्षरे लिहितो, आणि शेवटी ओळीवर पाण्याचा थेंब सोडतो. पेनावर छापलेला 0.5 किंवा 0.7 हा आकडा गोळीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो, रेघेची जाडी नव्हे. कागदावरची रेघ त्याहून बारीक येते, आणि एकाच आकड्याच्या दोन पेनांची रेघ सारखी येईलच असे नाही. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली दुपारभर ठेवलेले पेन संध्याकाळी कसे चालते, हे तर मुंबई-पुण्याच्या परीक्षणात कधीच येत नाही. टोपण उघडे राहिलेले शाईपेन तेवढ्या वेळात सुकते, आणि बॉलपेनाची तेलकट शाई पातळ होऊन ठिपके सोडू लागते.

दप्तरवाला (आर्णी तालुका)
भाऊ, आपला अभ्यास मनापासून आहे, पण मला तो मान्य नाही. लास्लो बिरो यांनी 1938 मध्ये ज्या बॉलपेनाचे पेटंट घेतले, त्याचा उद्देशच लिहिणाऱ्याला शाईची काळजी राहू नये हा होता: शाई घट्ट, लगेच सुकणारी, आणि कोणत्याही साध्या कागदावर चालणारी. माझे दिवसाचे काम पावत्या, दाखले आणि नोंदवह्यांचे आहे. खाली कार्बन घातला की जोर द्यावाच लागतो, आणि तिथे आपले जेलपेन किंवा शाईपेन कामाचे नाही. हंगामात कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याची चिठ्ठी फाडणाऱ्या माणसाला विचारा, त्याला शिरोरेखेचे टोक नको, दुसऱ्या प्रतीवर उमटलेले वजन हवे. शिवाय अशा पारखीमुळे मुलांना रोज नवे पेन हवेसे वाटते, आणि मजुरी करणाऱ्या घरात पाच रुपयेही मोजूनच खर्च होतात. अक्षर सरावाने सुधारते. पेन बदलून सुधारलेले मी पाहिलेले नाही.

प्राथमिक शिक्षिका (सिंदेवाही)
दप्तरवाले दादा, कार्बनबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. मुलांबद्दलचे मात्र मला पटत नाही. पेन्सिल सोडून पेन धरणाऱ्या मुलाची वही उलटी करून पाहावी. मागच्या बाजूला बोटाला अक्षरे लागतात, इतका जोर त्याने दिलेला असतो. बॉलपेनाची शाई घट्ट असल्यामुळे गोळी फिरवायला दाब लागतो, आणि स्वस्त पेनाची गोळी अडत असेल तर तो आणखी वाढतो. बोटे दुखली की मूल लिहिणे टाळते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. जेलची शाई पाण्यावर आधारलेली असल्याने हलक्या हाताने लिहिता येते. म्हणून कोणते पेन कमी दाबात चालते हे कोणीतरी तपासून सांगणे, हे माझ्या दृष्टीने वर्गाचेच काम आहे.

जेलपेनाच्या मर्यादाही सांगते: ते लवकर संपते, टोकावर पडले की बहुधा निकामी होते, आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील वर्तुळे बॉलपेननेच रंगवायची असतात. त्यामुळे परीक्षेपूर्वी बॉलपेनाचा सराव करून घ्यावाच लागतो.

वही-पुस्तक दुकान (पुसद)
आपण सगळे पेनाला दोष देता आहात, पण माझ्या गल्ल्यावर येणाऱ्या निम्म्या तक्रारी कागदाच्या असतात. वहीवर जीएसएमचा आकडा पाहून लोक कागदाची प्रत ठरवतात, पण तो केवळ एका चौरस मीटरचे वजन सांगतो. शाई फुटते की नाही, हे कागदाला खळ, म्हणजे शाई पसरू नये म्हणून दिलेले चिकट द्रव्य, किती आणि कशी दिली यावर ठरते. खळ कमी असलेल्या जाड कागदावर जेलची शाई तंतूंमधून पसरते, आणि नीट खळ दिलेल्या पातळ कागदावर तेच पेन स्वच्छ चालते. पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा हा फरक जास्तच दिसतो. बल्लारपूरला बांबूपासून कागद होत आला आहे, म्हणजे कागदाचा धंदा विदर्भाला नवा नाही. तरीही वही घेताना कागदावर बोट फिरवून पाहणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. तेव्हा पेनाची पारख करायची, तर वहीचे नाव सोबत लिहा. त्याशिवाय तो निकाल मी गिऱ्हाइकाला सांगणार नाही.

शाईवेडा (वणी तालुका)
दुकानदार भाऊंची अट मला पूर्ण मान्य आहे, यापुढे प्रत्येक नोंदीत वहीही येईल. दप्तरवाले भाऊंच्या खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी उलटे म्हणेन. न तपासता घेतलेले पेन अर्ध्यात अडते, फेकले जाते, आणि पाचाच्या जागी दहा रुपये जातात. बाजारच्या दिवशी तालुक्याला येणाऱ्या माणसाला ते बदलून घ्यायला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागते. पारख एकाने करावी आणि तिचा उपयोग सगळ्या वर्गाला व्हावा. प्रत्येक मुलाने दहा पेने घ्यावीत असे मी कुठेही म्हटलेले नाही.

दप्तरवाला (आर्णी तालुका)
मुलांच्या बोटांबद्दल ताईंनी जे सांगितले, ते मी मानतो. पण मग रिफिलचे काय? आमच्या गावात रिफिल मिळत नाही, पेन मिळते. संपले की रिकामी नळी उकिरड्यावर जाते. आपल्या नोंदीत उत्तम ठरलेले पेन रिफिल नसलेले निघाले, तर मी ते शाळेसाठी सुचवणार नाही, मग त्याची शिरोरेखा कितीही सुबक येवो.

वही-पुस्तक दुकान (पुसद)
रिफिल आम्ही ठेवत नाही, कारण स्वस्त पेनाची रिफिल जवळपास पेनाच्याच किमतीला पडते आणि प्रत्येक कंपनीच्या नळीची लांबी वेगळी असते. शाळेने वर्षभरासाठी एकच पेन ठरवले, तर त्याची रिफिल मी ठोक भावात मागवू शकतो. कोणते पेन ते जूनच्या आधी कळवावे.